इटालियन शब्दाचे वजन

इटालियन भाषा जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, असे मत वारंवार मांडले जाते, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच यांच्या लेखनपद्धतीशी तुलना केली तर ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र लिहिलेला इटालियन शब्द दोन गोष्टींविषयी बहुधा मौन पाळतो. शब्दातील कोणते अक्षर जोर देऊन उच्चारायचे हे त्यावरून सहसा कळत नाही, आणि बोलताना तो शब्द नेमका कोठे तुटतो हेही लेखनात पुरतेपणी उमटत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात आणि त्यामुळे दोन्ही प्रकरणे नियम-अपवादांची रुक्ष जंत्री वाटू लागतात. वास्तविक त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण इटालियनमध्ये ज्या अक्षरावर जोर येतो त्या अक्षराला जडपणा लागतो आणि तो कोठून आणायचा हे अक्षराच्या बांधणीवर ठरते.

येथे 'अक्षर' हा शब्द लिपीतील चिन्ह या अर्थाने नव्हे, तर ओवी-अभंगाची अक्षरे मोजताना तो ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने घ्यायचा आहे: एका स्वराभोवती जमलेला आणि एकाच प्रयत्नात उच्चारला जाणारा ध्वनींचा गट म्हणजे अक्षर. स्वराने संपणाऱ्या अक्षराला मुक्ताक्षर म्हणतात, तर व्यंजनाने अडवलेल्या अक्षराला बद्धाक्षर. 'कासा' म्हणजे घर या शब्दातील पहिले अक्षर मुक्त आहे, तर 'कान्तो' म्हणजे गाणे या शब्दाची फोड 'कान-तो' अशी होत असल्यामुळे त्यातील पहिले अक्षर बद्ध आहे. शेजारच्या अक्षरांपेक्षा एखादे अक्षर अधिक जोरकसपणे उच्चारले जाते तेव्हा त्यावर आघात आहे असे म्हणतात. मराठीत आघाताची जागा बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही. इटालियनमध्ये मात्र तो बदलू शकतो.

इटलीतील मुले प्राथमिक शाळेतच शब्दांची अक्षरांत फोड करायला शिकतात. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते, म्हणून प्रेमवाचक 'आमोरे' हा शब्द 'आ-मो-रे' असा फुटतो. व्यंजनाचे द्वित्व असेल तर त्याची वाटणी होते आणि मांजराचा 'गात्तो' हा 'गात-तो' होतो, पाण्याचा 'आक्वा' हा लेखनातही 'आक-क्वा' असा तोडतात. र, ल, म, न यांच्यापुढे दुसरे व्यंजन आले तर पहिले मागे राहते आणि 'पोर-ता' (दार), 'काम-पो' (शेत) अशी फोड होते; परंतु दुसऱ्या स्थानी र किंवा ल असेल तर जोडी न फोडता पुढे जाते, उदाहरणार्थ 'ली-ब्रो' (पुस्तक) आणि 'पा-द्रे' (वडील). या सगळ्यामागे शाळेत सांगितले जाणारे सूत्र सोपे आहे: ज्या जोडीने शब्दाची सुरुवात होऊ शकते ती जोडी अक्षराच्या सुरुवातीलाही राहते. इटलीच्या 'ऊनी' या मानक संस्थेने ओळीच्या अखेरीस शब्द कसे तोडावेत यासंबंधी १९६९ साली स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून छपाईच्या व्यवहारात या फोडीला किती महत्त्व होते ते दिसते.

हे सोपे सूत्र एका ठिकाणी अडखळते, आणि ते अडखळणेच या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग आहे. 'स' आणि त्यापुढे व्यंजन या जोडीने असंख्य इटालियन शब्द सुरू होतात, म्हणून शाळेच्या नियमाने 'पास्ता' हा शब्द 'पा-स्ता', 'क्वेस्तो' (हा) हा 'क्वे-स्तो' आणि 'फिनेस्त्रा' (खिडकी) हा 'फि-ने-स्त्रा' असा तोडावा लागतो. व्याकरणकार अशा 'स'ला 'एस्से इम्पूरा', म्हणजे अशुद्ध 'स', असे म्हणतात आणि ते नाव अजाणता योग्य ठरले आहे, कारण उच्चारात हा 'स' पुढच्या अक्षराचा पुरता होत नाही. तो मागच्या अक्षराला अडवून बसतो आणि कानावर पडते ते 'पास-ता'.

याचा पहिला पुरावा स्वराच्या लांबीत सापडतो. आघात असलेले मुक्ताक्षर शब्दाच्या शेवटी नसेल तर इटालियनमध्ये त्याचा स्वर लांबवला जातो, आणि अक्षर बद्ध असेल तर स्वर आखूड राहतो. 'फातो' (नियती) आणि 'फात्तो' (केलेले), 'काने' (कुत्रा) आणि 'कान्ने' (वेत, बोरू), 'सेते' (तहान) आणि 'सेत्ते' (सात) या जोड्यांत केवळ व्यंजनाचे द्वित्वच वेगळे नसते, तर त्याआधीच्या स्वराची लांबीही वेगळी असते. देवनागरीत आखूड 'आ' लिहिण्याची सोय नसल्यामुळे हा फरक येथे नुसत्या लेखनाने दाखवता येत नाही. आता 'पास्ता'तला 'आ' जर खरोखर मुक्ताक्षरात असता तर तो 'फातो'मधल्यासारखा लांबला असता. प्रत्यक्षात तो 'फात्तो'मधल्यासारखा आखूड असतो. 'पाद्रे'तला 'आ' मात्र लांब असतो, कारण तेथे 'द्र' ही जोडी खरोखरच पुढे जाते.

दुसरा पुरावा व्याकरणातून मिळतो. पुल्लिंगी नामाआधी येणारे निश्चयवाचक उपपद बहुतेक व्यंजनांपूर्वी 'इल' असते, म्हणून आगगाडीला 'इल त्रेनो' म्हणतात. परंतु विद्यार्थ्याला 'इल स्तुदेन्ते' न म्हणता 'लो स्तुदेन्ते' म्हणावे लागते. 'त्र' ही जोडी आपल्या अक्षरात आरामात सामावते, त्यामुळे आधीच्या 'ल'शी तिचे भांडण नाही. 'स्त'मधल्या 'स'ला मात्र टेकायला मागे स्वर हवा असतो आणि 'लो'मधला 'ओ' ती गरज भागवतो. दातांमागून उच्चारला जाणारा 'त्स' आणि तालव्य 'ञ' हे ध्वनीही 'लो'च मागतात, आणि तेही याच जातीचे आहेत, कारण दोन स्वरांमध्ये सापडले की प्रमाण उच्चारात ते आपोआप दुप्पट होतात. स्नानगृहाला 'बाञो' म्हणतात, त्याची शाळेतील फोड 'बा-ञो' अशी आहे आणि उच्चार 'बाञ-ञो' असा आहे. उपपदाचा हा नियम पाठ करायला लावणाऱ्या पुस्तकांनी त्यामागचे अक्षराचे कारण सांगितले असते तर शिकणाऱ्यांचे बरेच श्रम वाचले असते.

मराठी वाचकाला हा तिढा परका वाटण्याचे कारण नाही. देवनागरीत 'वस्तू' हा शब्द 'व' आणि 'स्तू' अशा दोन चिन्हगटांत लिहिला जातो, तरी उच्चार 'वस-तू' असा होतो आणि वृत्तात त्यातील 'व' हा ऱ्हस्व असूनही गुरू धरला जातो. मराठी छंदःशास्त्र याहून एक पाऊल पुढे जाते: जोडाक्षरामागील ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू, एरवी लघू, आणि म्हणून 'पुन्हा' किंवा 'तुझ्या' यांतील पहिले अक्षर लघूच राहते. प्रत्येक जोडाक्षर मागच्या अक्षराला बंद करतेच असे नाही, हा जो भेद मराठी वृत्तविचाराने ओळखला आहे त्याच जातीचा भेद इटालियनमध्ये 'पाद्रे' आणि 'पास्ता' यांत आहे.

स्वरांची जुळणी हा अक्षरांच्या मोजणीतला दुसरा अडचणीचा प्रदेश आहे. इ आणि उ यांवर आघात नसेल आणि शेजारी दुसरा स्वर असेल तर दोघांचे मिळून एकच अक्षर होते: 'प्या-नो', 'फ्यो-रे' (फूल), 'क्वा-द्रो' (चित्र). त्यांच्यावर आघात आला की ते वेगळे होतात, म्हणून 'व्ही-आ' (रस्ता) आणि 'पा-उ-रा' (भीती) यांत ते स्वतंत्र अक्षर बनतात. आ, ए, ओ हे तीन स्वर तर आपापसांत कधीच मिसळत नाहीत आणि 'पो-ए-ता' (कवी) किंवा 'मा-ए-स्त्रो' असे सुटे राहतात. भारतीय वाचकाची खरी फसगत होते ती लेखनापुरत्या 'इ'मुळे. रोमन लिपीतील च आणि ज यांचा तालव्य उच्चार दाखवण्यासाठी इटालियन लेखनात त्यांच्यापुढे 'इ'चे चिन्ह ठेवतात, त्याला स्वतःचा उच्चार नसतो. म्हणून नाव 'जोव्हान्नी' आहे, 'जिओव्हानी' नव्हे, आणि त्यात तीनच अक्षरे आहेत. 'चाओ' हा निरोपाचा शब्द दोनच अक्षरांचा आहे. त्याच चिन्हावर आघात पडला की ते जिवंत होते: औषधाच्या दुकानाला 'फार-मा-ची-आ' म्हणतात आणि तेथे चारही अक्षरे ऐकू येतात.

आघाताच्या जागेवरून इटालियन व्याकरणाने शब्दांचे जे वर्ग केले आहेत त्यांची नावे मोठी चित्रमय आहेत. शेवटच्या अक्षरावर आघात असलेला शब्द 'त्रोंका', म्हणजे छाटलेला. शेवटून दुसऱ्या अक्षरावर असलेला 'प्याना', म्हणजे सपाट. शेवटून तिसऱ्यावर असलेला 'झ्द्रुच्चोला', म्हणजे घसरता. बहुसंख्य शब्द सपाट वर्गातील आहेत. घसरत्या शब्दांची संख्याही मोठी असून नापोली, मोदेना, पादोव्हा, रिमिनी, बेर्गामो या शहरांच्या नावांत पहिल्याच अक्षरावर जोर येतो, तर मिलानो, व्हेरोना, आंकोना यांत तो मधल्या अक्षरावर असतो. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध 'मेदिची' घराण्याचे नाव परदेशात अनेकदा 'दि'वर जोर देऊन घेतले जाते; इटालियन उच्चारात जोर 'मे'वर आहे, कारण तो शब्द वैद्य या अर्थाच्या 'मेदिको'चे अनेकवचन आहे.

'मेदिको' घसरता आणि त्याच बांधणीचा 'आमीको' (मित्र) मात्र सपाट, असे का, याचे उत्तर इटालियनमध्ये नाही, ते लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमध्ये शेवटून दुसरे अक्षर जड असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर असेल किंवा ते बद्ध असेल, तर आघात त्यावर येई आणि ते हलके असेल तर एक अक्षर मागे सरके. 'मेदिकुस'मधला 'इ' ऱ्हस्व होता, 'आमीकुस'मधला दीर्घ. पुढे बोलीभाषेतून स्वरांची ही ऱ्हस्व-दीर्घता नाहीशी झाली, पण आघात जेथे पडत होता तेथेच बहुधा टिकून राहिला. नियम गेला आणि त्याचा निकाल तेवढा उरला. म्हणूनच शेवटून दुसरे अक्षर मुक्त असेल तेव्हा जोर कोठे द्यायचा हे इटालियन शब्द पाहून ठरवता येत नाही आणि शब्दकोश उघडावा लागतो. ते अक्षर बद्ध असेल तर मात्र जोर जवळजवळ हमखास त्याच्यावरच येतो, आणि या नियमाला न जुमानणारे 'तारान्तो' हे बंदर किंवा 'मान्दोर्ला' (बदाम) यांसारखे पहिल्या अक्षरावर जोर असलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके थोडे आहेत.

छाटलेल्या शब्दांचे नाव त्यांच्या इतिहासाशी अक्षरशः जुळते. शहराला आज 'चित्ता' म्हणतात आणि जोर 'त्ता'वर देतात; जुन्या इटालियनमध्ये तो शब्द 'चित्तादे' असा होता, जोर तेव्हाही 'त्ता'वरच होता आणि शब्द सपाट वर्गातला होता, पण शेवटचा 'दे' गळाला आणि जोराचे अक्षर टोकाला उघडे पडले. 'व्हिर्तूदे'चा 'व्हिर्तू' (सद्गुण) असाच झाला. शेवटी उघडे पडलेले हे अक्षर मुक्त आहे, त्यावर आघात आहे, तरीही शब्दान्ती असल्यामुळे त्याचा स्वर लांबवता येत नाही. मग त्याचा जडपणा येणार कोठून? तोस्काना, रोम आणि दक्षिण इटली यांनी यावर काढलेला मार्ग असा की पुढच्या शब्दाचे पहिले व्यंजन दुप्पट करून त्याच्या अर्ध्या भागाने हे अक्षर बंद करायचे. त्यामुळे 'चित्ता बेल्ला' (सुंदर शहर) हे शब्द 'चित्ताब्बेल्ला' असे ऐकू येतात आणि 'ए व्हेरो' (हे खरे आहे) याचा उच्चार 'एव्व्हेरो' होतो. उत्तरेकडे ही सवय नाही, आणि माणूस मिलानचा की रोमचा हे ओळखण्याच्या खुणांत तिची गणना होते. लेखन या द्वित्वाकडे सामान्यतः दुर्लक्ष करते. दोन शब्द जोडून एक झाल्यावर मात्र ते पकडले जाते, जसे 'कोसी' (असा) आणि 'देत्तो' (म्हटलेला) मिळून झालेल्या 'कोसिद्देत्तो', म्हणजे तथाकथित, या शब्दात.

अक्षराच्या बांधणीने आणि आघाताने मिळून शब्दांचे स्वरही बदलले आहेत. लॅटिनमधील ऱ्हस्व 'ओ' आघात असलेल्या मुक्ताक्षरात आला तर त्याचा 'वो' झाला, एरवी तो 'ओ'च राहिला. एकाच धातूच्या तीन रूपांत हे स्पष्ट दिसते: 'म्वो-रे' म्हणजे मरतो, येथे अक्षर मुक्त आणि त्यावर आघात, 'मो-री-रे' म्हणजे मरणे, येथे आघात पुढे गेला म्हणून 'ओ' जसाच्या तसा, 'मोर-ते' म्हणजे मृत्यू, येथे आघात आहे पण अक्षर बद्ध, म्हणून पुन्हा 'ओ'. 'न्वोव्हो' (नवा) आणि 'नोव्हिता' (नावीन्य), 'ब्वोनो' (चांगला) आणि 'बोन्ता' (चांगुलपणा) या जोड्यांचा खुलासाही असाच होतो.

आघाताची जागा बदलली की अर्थ कसा पालटतो याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण 'कापितो' या वर्णक्रमाचे आहे: जोर 'का'वर असेल तर 'मी येऊन पडतो', 'पि'वर असेल तर 'समजले', 'तो'वर असेल तर 'घडले'. 'आंकोरा'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर नांगर, दुसऱ्यावर दिला तर 'अजून'. 'प्रिंचिपी' पहिल्यावर जोर देऊन म्हटले तर राजपुत्र, दुसऱ्यावर दिला तर तत्त्वे. क्रियापदांत शिकणाऱ्यांची सर्वाधिक तारांबळ उडते ती तृतीयपुरुषी अनेकवचनात, कारण तेथे एक अक्षर वाढते पण आघात एकवचनातल्या जागेवरून हलत नाही. 'आ-बि-ता' (राहतो) याचे 'आ-बि-ता-नो' झाले तरी जोर 'आ'वरच राहतो आणि शब्द शेवटून चौथ्या अक्षरावर आघात असलेल्या, 'दुप्पट घसरत्या', वर्गात जातो. आज्ञार्थाला सर्वनामे चिकटली तर आघात याहूनही मागे पडतो: 'फाब्ब्रिकामेलो' (मला ते बनवून दे) यात पाचापैकी पहिल्याच अक्षरावर जोर आहे.

इतके असूनही आघाताची खूण लिहिणे बंधनकारक आहे ते मुख्यतः छाटलेल्या शब्दांपुरते, आणि 'आहे' व 'आणि' या अर्थांच्या दोन 'ए'कारी शब्दांसारखे काही एकाक्षरी शब्द वेगळे ठेवण्यापुरते. खूण दोन प्रकारची असते. आघात असलेल्या अक्षरात ए आणि ओ यांचे प्रत्येकी दोन उच्चार संभवतात, एक आक्रसलेला आणि दुसरा मराठीतील ॲ, ऑ यांच्या जवळचा. 'बोत्ते' म्हणजे पिंप आणि 'बॉत्ते' म्हणजे मार. उजवीकडे चढणारी खूण आक्रसलेला स्वर दाखवते, उतरणारी खूण मोकळा, म्हणून 'पेर्के' (का, कारण) आणि 'काफ्फॅ' (कॉफी) यांच्या शेवटी वेगवेगळ्या खुणा येतात. इ आणि उ यांवर सामान्यतः उतरती खूण छापतात. तोरीनोच्या एइनाउदी प्रकाशनगृहाने मात्र हे स्वर स्वभावतः आक्रसलेले असल्याचे ध्वनिशास्त्रीय तर्कशास्त्र पाळून आपल्या पुस्तकांत चढती खूण रूढ केली.

काव्यात अक्षरगणना आणि आघात यांची सांगड सर्वांत घट्ट बसते. इटालियन कवितेची प्रमुख ओळ 'एंदेकासिल्लाबो', म्हणजे अकरा अक्षरांची, म्हणवली जाते आणि दान्तेच्या 'दिव्हिना कोम्मेदिआ'च्या १४,२३३ ओळी याच मापाच्या आहेत. तरीही अकरा ही संख्या तिची खरी व्याख्या नाही. शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर पडणे, हे तिचे लक्षण आहे. ओळीच्या शेवटी सपाट शब्द असेल तर त्यानंतर एक अक्षर उरते आणि बेरीज अकरा होते. छाटलेला शब्द असेल तर दहाच अक्षरे भरतात, घसरता असेल तर बारा, आणि तिन्ही ओळी तितक्याच निर्दोष ठरतात. शिवाय एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर मोजणीत एक धरले जातात, त्यामुळे कागदावरची अक्षरे मोजून वृत्त तपासणाऱ्याची बेरीज बहुधा चुकते.

सुशिक्षित इटालियनांमध्येही काही शब्दांच्या आघाताविषयी एकवाक्यता नाही. सदर किंवा पत्त्यांची वही या अर्थाच्या 'रुब्रीका'मध्ये जोर 'ब्री'वर हवा, कारण लॅटिनमध्ये तो 'ई' दीर्घ होता; पण पुष्कळ लोक 'रु'वर जोर देतात. पावाच्या मऊ गराचा 'मोल्लीका' आणि बांधकामविषयक 'एदीले' यांचेही तसेच झाले आहे, आणि ईशान्येकडील 'फ्रिऊली' प्रांताच्या नावात 'ऊ'वर असायला हवा तो जोर बाहेरचे लोक 'फ्रि'वर देतात. घसरता उच्चार अधिक विद्वत्तेचा वाटतो म्हणून आघात मागे ओढण्याकडे हा कल झुकत असावा. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून एकच उच्चार देशभर पोचू लागल्यावर निवेदकांना आधार म्हणून 'राई' या सार्वजनिक प्रसारण संस्थेने मिल्योरिनी, ताल्याव्हिनी आणि फ्योरेल्ली या अभ्यासकांकडून लेखन व उच्चार यांचा कोश तयार करवून घेतला आणि तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. कोशाने 'रुब्रीका'च्या बाजूने दिलेला निर्णय आजही प्रमाण मानला जातो, आणि 'रु'वर जोर देणारेही तेवढ्याच निःशंकपणे बोलत असतात.